लाभाआधीचे सूप

लिहिण्याआधीच क्षमा मागून ठेवतो. आमच्या वसतिगृहाच्या हस्तलिखित मासिकात आजवर ज्यांनी लिहिले त्यांच्या घरी वडील, काका, आजोबा, कोणी ना कोणी लिहिणारे होते. आमच्या घरात छापलेली वस्तू एकच होती, पंचांग. आणि तेही वडिलांना दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागे. मंत्र सगळे तोंडपाठ, अक्षर एकही नाही. अशा घरातला मुलगा लेख लिहायला बसला, तर त्याला विषय सुचतो तोही घरचाच. त्यात आणखी एक अडचण आहे. ज्या महाराजांविषयी मला थोडे कडू लिहावे लागणार आहे, त्यांच्याच शब्दावर मी या वसतिगृहात राहतो आणि दोन वेळा जेवतो. प्रार्थनेच्या खोलीत त्यांची तसबीर आहे. संपादकांना हा लेख ठेवता आला नाही, तर मी राग मानणार नाही.

तरी लिहितो, कारण वसतिगृहाच्या मागच्या खिडकीतून एक खळे दिसू लागले आहे. माघ लागला. आठवडाभर तिथे बैल फिरत आहेत. काल संध्याकाळी वारा सुटला, तिवईवर उभा राहून एका माणसाने सूप डोक्याच्या वर धरले आणि हलवले. भूस उडून थेट माझ्या टेबलावर, उघड्या पुस्तकावर आले. माझा खोलीसोबती खिडकी लावायला उठला. मी म्हणालो, राहू दे. पण का राहू दे, ते मला त्याला सांगता आले नाही.

ज्वारीच्या भुसाने अंगाला खाज सुटते. ती मानेपासून सुरू होते आणि आंघोळ केल्याशिवाय जात नाही. काल मला मुद्दाम आंघोळ करावीशी वाटली नाही.

आमचे गाव आसेगाव, मंगरूळपीर तालुक्यातले. माघात गावाचा निम्मा संसार खळ्यावर जातो. शेणाने सारवलेली गोल जमीन, मधोमध तिवड्याचा खांब रोवलेला, त्याला बांधलेले बैल तोंडाला मुसकी घालून गोल गोल फिरत असतात. त्यांच्या खुरांखाली कणसे तुडवली जाताना एक आवाज येतो, पातळ, कोरडा, दूर कुठे तरी पाऊस पडत असल्यासारखा. पण खरे खळे मळणीचे नसते, राशीचे असते. धान्य उपणून झाले, रास घातली, तिच्याभोवती राखेची रेघ ओढली की सगळे वातावरण बदलते. वहाणा बाहेर काढायच्या. मोठ्याने बोलायचे नाही. मोजणारा मापाने रास मोजू लागतो तेव्हा पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. पुढे दोन, तीन. लाभ म्हटला की रास शेतकऱ्याची झाली, त्याच्या घरची झाली. त्याच्या आधी ती अजून देवाची असते.

आणि त्या आधीच्या वेळेत, लाभ म्हणण्यापूर्वी, एक सूप बाजूला निघायचे. ते गुरूचे सूप. ते आमचे होते.

वडिलांना मी अप्पा म्हणतो. आम्ही जंगम. गावात लिंगायत वाण्यांची घरे आहेत, त्यांची लग्ने, दीक्षा, मरणाची कामे अप्पा करत. रोज सकाळी खांद्याला झोळी, गुडघ्याखाली घंटा बांधून दारोदार कोरडी भिक्षा. पण वर्षाचे खरे धान्य यायचे ते या सुपातून. नुसत्या वाण्यांच्या खळ्यावरून नाही. कुणब्यांच्या खळ्यावरही गुरूचे सूप निघे, कारण कोणाच्या तरी आज्याच्या आज्याने तसे बोलले होते. अप्पा राशीजवळ जायचे, भस्माची तीन बोटे राशीवर ओढायचे, काही पुटपुटायचे, आणि शेतकरी आपल्या हाताने सूप भरून त्यांच्या झोळीत ओतायचा. त्यात उपकार नव्हता. अप्पा "देव भलं करो" म्हणत नसत. ते भिक्षेला म्हणत. सुपाला ते काहीच म्हणत नसत, नुसती मान हलवत. तेवढ्या वेळापुरती त्यांची पाठ सरळ असायची. लहानपणी मला वाटे, खळ्यावर माझे वडील उंच होतात.

बाकी वेळी त्यांना कोणी फारसे पाहत नसे. बायका दारातून म्हणायच्या, "जंगम आला, पीठ घाल." मोठी माणसे 'स्वामी' म्हणायची, पण तेही जात सांगितल्यासारखे. त्यांचे नाव गुरुलिंग आहे. गावात ते नाव घेऊन हाक मारलेली मी कधी ऐकली नव्हती. माय नवऱ्याचे नाव घेणार नाही, आणि अप्पांचे आईवडील माझ्या जन्माआधीच गेले होते. म्हणजे जगात ते नाव उच्चारणारे कोणी उरलेच नव्हते.

ज्या वर्षाबद्दल मी सांगतो आहे त्या वर्षी माझी मराठी शाळा संपली होती आणि इंग्रजी शाळेचे काय करायचे हे कोणाला ठरवता येत नव्हते, म्हणून मी घरीच होतो आणि अप्पांबरोबर हिंडत होतो. पौषाच्या शेवटी बातमी आली की मराठवाड्याकडचे महाराज आमच्या गावी येणार. शिवाचार्य. त्यांचे नाव मी लिहीत नाही. गावातले काशिनाथअप्पा वाणी, ज्यांचे दुकान आणि बरीच शेती होती, त्यांनी बोलावले होते.

महाराज अड्डपालखीत येतात. ही पालखी रस्त्याला आडवी चालते. भोई मागेपुढे नसतात, डाव्या-उजव्या बाजूला असतात, आणि सगळा रस्ता ती एकटीच अडवते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी ती अडली. एका बाजूला देवळाची भिंत, दुसऱ्या बाजूला रसूलभाई गवंड्याच्या घराचा ओटा. पालखी हवेत, भोयांच्या माना ताठरलेल्या, वाजंत्री थांबलेली. काशिनाथअप्पा घामाघूम.

रसूलभाई दारात बसून पाहत होते. त्यांनी विडी विझवली, घरातून लोखंडी सब्बल आणली आणि स्वतःच्या ओट्याचा कोपरा उकरायला घेतला.

"अरे रसूल, काय करून राह्यला?" काशिनाथअप्पा म्हणाले.

"रस्ता. उद्या पुन्हा बांधून घेतो. गवंड्याच्या घरी गवंडी बोलवा लागते काय?"

भोई हसले. पालखी सरकली. तो ओटा मात्र पुन्हा बांधायला रसूलभाईंना कधी सवड झाली नाही, कारण पुढचे वर्षभर ते मठच बांधत होते. अजून ते उंबरठ्यावर बसून विडी ओढतात.

पालखी पुढे आली तेव्हा अप्पा कडेला हात जोडून उभे होते, घंटा पायाला, जुनी झोळी खांद्याला. महाराजांनी हात वर केला. पालखी थांबली.

"गुरुलिंग," महाराज म्हणाले.

मी अप्पांकडे पाहिले. ते मागे वळून पाहत होते, दुसरा कोणी गुरुलिंग आहे का ते पाहायला.

संध्याकाळी काशिनाथअप्पांच्या अंगणात, कडुनिंबाखाली बैठक झाली. महाराजांचे बोलणे मला अजून आठवते आणि त्यात खोटे काही नव्हते, हे मला आधी सांगितले पाहिजे. ते म्हणाले, या भागात आपली एवढी घरे, पण दीक्षेसाठी माणसांना किती दूर जावे लागते. मुलांना वचने शिकवणारे कोणी नाही. म्हाताऱ्या विधवेला एक वेळ बसून जेवायला जागा नाही. इथे मठ व्हावा. लोक खाली पाहू लागले. कोणी तरी म्हणाले, महाराज, गाव लहान आहे, झेपायचे नाही. तेव्हा महाराज हसले. "झेपणार नाही असं प्रत्येक गाव म्हणतं. मी आजवर पाहिलं आहे, मठ पैसेवाल्याने उभा राहत नाही. एका माणसाने आधी आपलं काढून ठेवलं, की मग दुसऱ्याला लाज वाटते, आणि मठ उभा राहतो."

मग त्यांनी अप्पांना पुढे बोलावले आणि आपल्या शेजारी, त्याच घोंगडीवर बसवले. काशिनाथअप्पा खाली सतरंजीवर होते.

"गुरुलिंग, हा मठ तुझ्या झोळीतून उभा राहील. माझा तुला आशीर्वाद आहे. घाबरू नकोस, मी पाठीशी आहे."

एवढेच. पण ज्या माणसाला आयुष्यात कोणी शेजारी बसवून घेतलेले नाही त्याला हे किती असते, ते मला आता कॉलेजात आल्यावर कळू लागले आहे. इथे प्राध्यापकांनी एकदा वर्गात माझे नाव घेऊन उत्तर विचारले, तर मी दिवसभर तेच आठवत होतो. आणि उत्तर तर चुकले होते.

घरी आल्यावर अप्पांनी मायला सगळे सांगितले. माय चुलीपुढे होती. तिने भाकर उलटली आणि म्हणाली, "मोठ्या मानसाचा शब्द गोड राह्यते. पन ज्वारी कोनाची लागीन?"

"आपली. औंदाच्या सालचं सूप आपन मठाले देऊ. महाराज म्हनले, पह्यले जंगमानं आपलं काढून ठेवावं, मंग गाव देईन."

"अन् आपन काय खाऊ? आशीर्वाद?"

"एका सालाचीच तं गोष्ट हाय. मंग मठात आपलीच पूजा राहीन. पोराची बी सोय होईन. महाराज म्हनले, मुलांसाठी खोली काढू, तुझा मुलगा पहिला."

मायने माझ्याकडे पाहिले आणि गप्प झाली. माझे नाव निघाले नसते तर ती आणखी बोलली असती. कधी कधी वाटते, तिने बोलायला हवे होते.

सुपाचा असा एक नियम आहे, जो आमच्याकडे शेंबडे पोरही जाणते. राशीपुढे, लाभ म्हणण्याआधी जे बोलले जाते ते परत घेता येत नाही. ज्याच्या झोळीत त्या वेळी सूप पडले, पुढच्या वर्षी त्याचीच झोळी शोधली जाते. याच नियमावर आमचे घर पिढ्यान्‌पिढ्या जगले. दुष्काळातही कुणब्यांनी आमचे सूप मोडले नव्हते, कारण त्यांच्या आज्यांनी राशीवर शब्द दिला होता. आणि हा नियम अप्पांइतका दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हता.

महाराजांनी सांगितले होते, घरी बसून सांगू नकोस, खळ्यावर राशीसमोर सांग, राशीसमोरचे लोक मनावर घेतात. महाराज दुसऱ्या मुलखातले. आमच्याकडची ही रीत त्यांना ठाऊक होती की नव्हती, हे मला आजही ठरवता येत नाही. काही रात्री मी ठरवतो की होती. सकाळी प्रार्थनेला त्यांच्या तसबिरीकडे पाहतो, चेहरा इतका शांत, प्रेमळ आहे, की पुन्हा वाटते, नसेल.

त्या माघात आम्ही खळ्यांमागून खळी हिंडलो. मायने नव्या खादीची पिशवी शिवून दिली होती, तिच्यावर अप्पांनी भस्माचे तीन पट्टे ओढले होते. ती मठाची पिशवी. ती माझ्या खांद्याला. अप्पांची स्वतःची झोळी त्या दिवसांत रिकामीच लोंबत होती. प्रत्येक राशीपुढे ते भस्म लावायचे आणि मग आधी कधी केले नव्हते ते करायचे, बोलायचे. "हे सूप औंदा मठाचं." शेतकरी सूप भरायचा आणि माझ्या पिशवीत ओतायचा. अप्पांचे डोळे चमकत. एका खळ्यावरून दुसऱ्याकडे जाताना ते इतके भरभर चालत की मी धापा टाकायचो. घंटा एकसारखी वाजत राहायची. लोकही खरोखर देऊ लागले, सुपावर सूप, कोणी पोते. महाराज म्हणाले होते ते खरे ठरत होते. आमचे पाहून इतरांना लाज वाटत होती.

फक्त उकंडाजींनी अडवले. म्हातारे कुणबी, नदीकडच्या शेतात त्यांचे खळे होते. अप्पा राशीपुढे वाकले, तोंड उघडले, तसा उकंडाजींनी हात धरला.

"स्वामी, थांबा. काय बोलनार ते मले ठावूक हाय. घरी बोला, काशिनाथअप्पाच्या दुकानात बोला, वाट्टं तं पारावर बोला. इथी बोलू नका."

"काहून?"

"राशीवरचं बोलनं मुरते."

"मी तं औंदाचंच म्हनतो, उकंडाजी. एका सालाचं."

"राशीले साल समजत नाई."

अप्पा हसले. मी त्यांना असे मोकळे हसताना फार कमी पाहिले आहे. "महाराज पाठीशी हायेत," ते म्हणाले, आणि राशीवर वाकून बोलले. उकंडाजींनी सूप भरले आणि ओतताना माझ्याकडे पाहिले, जसे काही मी मोठा आहे आणि मी तरी काही करीन.

त्या उन्हाळ्यात आमच्या घरी कण्या आणि अंबाडीची भाजी. मायने कधी मजुरी केली नव्हती, जंगमाची बाई शेतात जात नाही. पुढच्या हंगामात ती काशिनाथअप्पांच्या वावरात कापूस वेचायला गेली. तोंडावर पदर ओढून जायची, पण पदराने माणूस ओळखू येत नाही असे थोडेच असते. अप्पा दिवसभर मठाच्या कामावर. पाणी वाहत, गारा तुडवत, रसूलभाईंच्या हाताखाली दगड देत. रसूलभाई त्यांना म्हणायचे, "स्वामीजी, तुमी बसा, मंत्र म्हना, दगड म्या उचलतो. मंत्रानं दगड उचलल्या जात नाई अन् माह्यानं मंत्र म्हनवत नाई." अप्पा बसत नसत. मठाची भिंत वर जाताना मी पाहिली आहे. खरे सांगतो, ती सुंदर होती. संध्याकाळी तिच्यावर ऊन पडायचे आणि अप्पा दूर जाऊन, मान तिरकी करून बघायचे.

मठ पुरा झाला. महाराज आले, पुन्हा अड्डपालखीत, या वेळी ती कुठे अडली नाही. बरोबर एक तरुण मठपती आणले होते, दूरच्या गावचे, संस्कृत शिकलेले, हातात चांदीच्या मुठीचा दंड. गादीवर त्यांना बसवले. पूजा त्यांची. अप्पा शेजारी उभे होते, नवे धोतर नेसून. त्यांना वाटत होते, आता आपले नाव निघेल. निघालेही.

"गुरुलिंग," महाराज म्हणाले, आणि तितक्याच प्रेमाने म्हणाले, "जंगमाने एका जागी बसू नये. हिंडणं हाच आपला धर्म. बसण्याचं ओझं मी तुझ्यावर टाकत नाही."

लोकांनी माना डोलावल्या. अप्पांनीही डोलावली. शास्त्राला धरूनच होते ते. परत येताना गल्लीच्या तोंडाशी रसूलभाई उंबरठ्यावर बसले होते. म्हणाले, "स्वामीजी, लय मोठी झोळी हो तुमची. तिच्यातून अख्खा मठ निघाला. तुमीच तेवढे झोळीत राह्यले." अप्पांनी ऐकले नाही, किंवा ऐकले नाही असे दाखवले.

मग पुन्हा माघ आला.

त्या दिवशी उकंडाजींच्या राशीपाशी आम्ही पोचलो तेव्हा मठाची बैलगाडी आधीच उभी होती. मठपती वहाणा काढून राशीजवळ उभे होते. त्यांनी भस्म ओढले, स्वच्छ, सुंदर मंत्र म्हटला, अप्पांना येत नाही असा. उकंडाजी भरलेले सूप हातात घेऊन उभे राहिले. एकदा मठपतींकडे पाहिले, एकदा अप्पांकडे. वारा पडला होता. बैल रवंथ करत होते.

"म्या काय करू, स्वामी?" उकंडाजी म्हणाले. "तुमीच बोलले राशीवर."

"हो," अप्पा म्हणाले. "म्याच बोललो."

सूप मठाच्या पोत्यात गेले. मोजणाऱ्याने माप भरले, "लाभ" म्हटले. रास उकंडाजींची झाली. मग म्हाताऱ्याने आपल्या राशीतून दोन्ही हातांची ओंजळ भरली आणि अप्पांपुढे धरली. बोटांतून दाणे गळत होते. त्याच्या मनात वाईट काही नव्हते. उलट तो बिचारा रडवेला झाला होता. पण लाभानंतर दिलेले ते धान्य होते, आणि लाभानंतर देतात ती भीक.

अप्पांनी झोळी उघडली. ओंजळ आत पडली. आणि ते म्हणाले, "देव भलं करो."

घरी येताना वाटेवर मला काही तरी चुकल्यासारखे वाटत होते. काय ते बऱ्याच वेळाने लक्षात आले. घंटा वाजत नव्हती. अप्पा वाकून, एका हाताने ती गुडघ्याशी धरून चालत होते.

मायने झोळीत पाहिले. "हक्काचं देऊन हे आनलं काय?" एवढेच म्हणाली, आणि दळायला बसली.

तरी ती गप्प बसणारी बाई नव्हती. पुढच्या खेपेला महाराज मठात आले, तेव्हा ती मला घेऊन गेली. बायकांनी दाराआडून बोलायचे असते. ती दाराआडूनच बोलली. "महाराज, आमचं सूप."

 आतून महाराजांचा आवाज आला, "मुलाला पुढे पाठव." मी गेलो. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात जड आणि उबदार होता. "शिकायचं आहे? मी सोय करतो. शाळेची, पुढे कॉलेजचीही. माझा एक शब्द पुरे आहे." सुपाबद्दल ते काही बोलले नाहीत, आणि मग मायही बोलली नाही. परतताना म्हणाली, "चाल. अर्धं तं वसूल झालं." अप्पांना सांगितले तेव्हा त्यांना इतका आनंद झाला की ते गावभर सांगत सुटले, "पाह्यलं, महाराज इसरले नाईत."

म्हणून मी इथे आहे. मी हे लिहिताना टेबलावर जो दिवा जळतो आहे, त्याचे तेलही त्याच शब्दातून आलेले आहे. मठ वाईट नाही. हेच मला अवघड जाते. तिथे मुले वचने म्हणतात. गावातली एक विधवा आजी, जिला सून जेवायला देत नाही, ती रोज दुपारी तिथे पंक्तीला बसते. दीक्षेला कोणाला दूर जावे लागत नाही. महाराज म्हणाले ते सगळे झाले. एखाद्याने फसवले असते तर त्याच्यावर रागावता तरी आले असते. इथे तर माणसाला मान दिला, उत्तेजन दिले, त्याच्यातले जे चांगले होते तेच वर काढले आणि त्याच्याच हातून त्याला रिकामे केले. मी तत्त्वज्ञानाच्या तासाला त्याग हा शब्द ऐकतो, तेव्हा वहीत काही लिहीत नाही. ज्याने त्याग केला त्याला तो करताना आनंद झाला होता, हे मी पाहिले आहे. पण त्याग करायला सांगणाऱ्याने नंतर त्या घराच्या चुलीत डोकावून पाहावे की नाही? मला वाटते, पाहावे. यापेक्षा जास्त मला म्हणता येत नाही.

अप्पा आता रोजची भिक्षा तेवढी मागतात. सुटीत मी जातो तेव्हा मला लाज वाटते की ते मागतात, आणि लाज वाटते याचीही लाज वाटते. मी एकदा म्हणालो, "अप्पा, एकदा महाराजांले साफ इचारा." ते म्हणाले, "मोठ्या मानसाले कामं राह्यते, बाबू." घंटा ते अजून बांधतात. मात्र आत कापूस कोंबला आहे असे मला वाटले. मी हात लावून पाहिले नाही.

हे एवढे लिहून मी थांबलो होतो, लेख चार दिवस तसाच पडून होता. पण परवा रविवारी रसूलभाई अचानक वसतिगृहाच्या फाटकाशी उभे. अमरावतीत कोणाच्या तरी बंगल्याचे काम मिळाले म्हणून आले होते. मायने दिलेले तिळाचे लाडू घेऊन आले. आम्ही मागच्या खळ्याच्या कडेला जाऊन बसलो. त्यांनी विडी पेटवली, खळ्याकडे पाहिले आणि विझवली.

"घरी सगळे बरे?" मी विचारले.

"माय बरी हाय. स्वामीजी घरी नाईत."

"कुठं गेले?"

रसूलभाईंनी लाडवांचे गाठोडे माझ्यापुढे सरकवले. मग म्हणाले, "महाराज केनवडले मठ काढून राह्यले. नवा. तिकडचे लोक म्हनते झेपत नाई. म्हून त्याईनं स्वामीजीले बोलावनं पाठवलं. तिकडची खळी सुरू झाली नं. राशीराशीनं फिराचं, लोकाईले सांगाचं, आसेगावले कसा झाला ते."

"आणि अप्पा गेले?"

"पायी गेले. दोन दिवसाची वाट. मायनं घरातलं सूप लपवून ठेवलं, तं राशीवर दाखवाले शेजारचं मागून नेलं. म्या गल्लीत अडवलं. म्हनलं, स्वामीजी, कायले? पुन्हा कायले जाता? एकदा झालं तेवढं पुरे नाई काय?"

"मग?"

रसूलभाईंनी विझलेली विडी कानामागे ठेवली.

"घंटेतला कापूस काढून राह्यले होते. माह्याकडं पाह्यलं बी नाई. म्हनले, रसूल, त्याईनं नाव घेऊन बोलावलं."